देवळाच्या मागे बसलेला माणूस : अवहेलना, उद्वेग आणि कळवळ्याची सातशे वर्षे (थ्रेड)

१/
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. तेथे जाणाऱ्याला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. एरवी शिवमंदिरात नंदी गाभाऱ्यासमोर असतो. येथे तो मंदिराच्या मागील बाजूस आहे. असे का, या प्रश्नाचे गावाकडे ठरलेले उत्तर आहे : हे देऊळ फिरलेले आहे. आणि ते फिरले एका शिंप्यासाठी.

२/
कथा अशी. संत नामदेव औंढ्याला आले आणि देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. गर्दी वाढली, पूजेसाठी येणाऱ्या पुजाऱ्यांची वाट अडली. त्यांनी नामदेवांना हटकले, जातीवरून बोलले आणि देवळाच्या मागे जाऊन गा, असे सांगितले. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि तेथे गाऊ लागले. तेव्हा देवळानेच तोंड फिरवले. पुजारी मागे राहिले आणि नामदेव समोर आले.

३/
दगडी देऊळ जागचे हलत नाही, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. ही कथा शतकानुशतके कोणी सांगितली? ती सांगण्याची गरज कोणाला वाटली? आणि चमत्काराचे वेष्टन बाजूला केले, तर आत काय उरते? उरतो तो एका माणसाचा भर गर्दीत झालेला अपमान. त्या अपमानाचे पुढे काय झाले, त्याचा हा मागोवा आहे.

४/
नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इ.स. १२७० चा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, घराणे शिंप्याचे. हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नरसी हे त्यांचे मूळ गाव, अशी परंपरा आहे. आज ते गाव नरसी नामदेव याच नावाने ओळखले जाते. जन्म पंढरपूरचा मानणारे अभ्यासकही आहेत. मात्र नरसी आणि औंढा ही दोन्ही स्थळे आजच्या हिंगोली जिल्ह्यात येतात आणि नामदेवकथेचे दोन महत्त्वाचे धागे तेथेच सापडतात.

५/
तो काळ देवगिरीच्या यादवांचा. रामदेवरायाच्या दरबारी हेमाद्री पंडित होता. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या अवाढव्य ग्रंथात व्रते, दाने आणि श्राद्धे यांची विधाने तपशीलवार नोंदवलेली आहेत. कोणत्या तिथीला कोणी काय करावे, याची ही प्रचंड जंत्री होय. त्याच दशकांत महानुभावांचे गद्य लिहिले जात होते आणि १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकीकडे कर्मकांडाची चौकट घट्ट होत होती, दुसरीकडे लोकभाषेत बोलणारी माणसे त्या चौकटीवर थाप मारत होती. नामदेव त्या थापेचा आवाज आहेत.

६/
आता पुराव्याकडे येऊ. देऊळ फिरल्याची कथा केवळ मराठी मुलखात सांगितली जाते, असे नाही. ती पंजाबातही आहे आणि तेथे ती फार जुन्या लिखित रूपात आहे. शीख पंथाच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी पूर्ण केले. त्यात नामदेवांच्या नावे ६१ पदे आहेत. त्यांतील दोन पदांमध्ये, एक भैरव रागातील आणि दुसरे मल्हार रागातील, हाच प्रसंग येतो. कोणी चरित्रकार नव्हे, स्वतः नामा तो सांगतो.

७/
भैरव रागातील पदाचा आशय असा : हसतखेळत देवळात आलो होतो, भजन करत असताना मला धरून उठवले. माझी जात हीन ठरली. मग देवा, मला छिप्याच्या, म्हणजे कापड छापणाऱ्याच्या, कुळात जन्म दिलास तरी कशाला? मग नामा आपले कांबळे उचलतो, वळतो आणि देवळामागे जाऊन बसतो. कांबळे उचलण्याचा तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. चमत्काराला त्याची गरज नाही. तो अपमानित माणसाच्या स्मरणातला तपशील आहे : उठवले गेल्यावर आपली वस्तू गोळा करण्याचा तो अवघड क्षण.

८/
मल्हार रागातील पद अधिक तीव्र आहे. येथे नामा विठ्ठलाला बाप म्हणून हाक मारतो आणि गाऱ्हाणे मांडतो. सगळे माझ्यावर संतापले, शूद्र शूद्र म्हणत मला मारून उठवले, आता मी काय करू? पुढचा सवाल तर थेट भिडणारा आहे. मेल्यावर मुक्ती देशील, तर ती मिळाल्याचे कोणाला कळणार? माझा अपमान होतो, तेव्हा तुझीच पत जाते. परलोकातील भरपाई येथे सपशेल नाकारलेली आहे. न्याय हवा तो याच जन्मात, याच देवळाच्या दारात.

९/
सावधगिरी येथेही हवी. पदांमध्ये औंढ्याचे नाव नाही. ते नाते मराठी परंपरेने जोडले आहे. ‘नामा’ ही मुद्रा नंतरच्या काळातही अनेक कवींनी वापरली, त्यामुळे कोणते पद नेमके कोणाचे, यावर अभ्यासकांत वाद आहेत. तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. निदान चारशे वर्षांपूर्वी, औंढ्यापासून शेकडो कोस दूर, माणसे ही तक्रार गात होती आणि ती पवित्र ग्रंथात जपण्याजोगी मानत होती. उद्वेगाला तेथे पाप मानले गेले नाही, भक्तीचाच एक सूर मानले गेले.

१०/
नामदेवांच्या कथेत आणखी एक अपमान आहे आणि तो परक्यांनी केलेला नाही. तेर येथे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, संतांचा मेळा जमला होता. गोरोबा कुंभारांनी थापटणे घेतले आणि मडकी पारखावीत तसे एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. सगळे मुकाट्याने बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांचा निकाल आला : हे मडके कच्चे आहे. सगळे हसले. देवाचा लाडका म्हणून मिरवणाऱ्या तरुणाला आपल्याच माणसांनी कच्चे ठरवले.

११/
नामदेव रुसून पंढरपूरला गेले आणि विठ्ठलाकडे तक्रार केली. विठ्ठलाने समजूत घातली नाही. गुरू कर, असे सांगितले आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले. तेथे जे दिसले त्याने नामदेव हादरले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी जाब विचारला. विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जेथे नेत, तेथे लिंग दिसे. देव कोठे नाही, याचे उत्तर सापडेना. कच्चे मडके येथे भाजून निघाले.

१२/
विसोबांचा पूर्वेतिहासही या ठिकाणी आठवावा. परंपरा सांगते की आळंदीत याच विसोबांनी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या पोरक्या भावंडांना छळले होते. संन्याशाची पोरे म्हणून त्यांची हेटाळणी केली. मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची प्रसिद्ध कथा याच प्रसंगाची. पुढे विसोबांना पश्चात्ताप झाला आणि ते त्याच भावंडांचे अनुयायी झाले. म्हणजे नामदेवांचा गुरू हा एकेकाळी स्वतः इतरांना दाराबाहेर ठेवणारा माणूस होता.

१३/
या तीन कथा एकत्र ठेवल्या की एक आकृती दिसू लागते. छळणारा माणूस बदलू शकतो. दुखावलेला माणूस कच्चा असू शकतो. आणि देव कोठे नाही, हा प्रश्न सुटला नाही, तर देवळाची पुढची बाजू आणि मागची बाजू हा भेदच उरत नाही. पण विचार पटणे वेगळे आणि त्याप्रमाणे वागणे वेगळे. नामदेवांच्या बाबतीत त्याची कसोटी लागली ती मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात.

१४/
चोखामेळा. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानले जाते, वास्तव्य मंगळवेढ्याचे, जात महार. नामदेवांना देवळाच्या मागे बसवले गेले, पण चोखोबांना देवळाच्या आवारातही जागा नव्हती. मागच्या बाजूच्याही मागे त्यांची वस्ती होती. त्यांनी नामदेवांना गुरू मानले. ही गोष्ट साधी वाटते. तेराव्या-चौदाव्या शतकात ती साधी नव्हती.

१५/
या एका घरात पाच कवी झाले : चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. सोयराबाई विचारतात की विटाळ देहातच आहे, विटाळाशिवाय कोणाचाच देह जन्मत नाही, मग सोवळा कोण? कर्ममेळ्याचा सूर बापापेक्षा कडवट आहे. आम्हाला हीन करून जन्माला घातलेस, उष्टे खायला लावलेस, तुला लाज कशी वाटत नाही, अशा आशयाचे प्रश्न तो देवाला करतो. एकाच घरात दोन पिढ्या, आणि पुढच्या पिढीचा संयम सुटलेला. मराठीतल्या सामाजिक उद्वेगाचे हे फार जुने दस्तऐवज आहेत.

१६/
१३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. वेठीने माणसे लावली होती, त्यांत चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. ज्या गावकुसाच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, तेच बांधताना ते मेले. ही वस्तुस्थिती इतकी कठोर आहे की तिच्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

१७/
बातमी पंढरपूरला पोहोचली तेव्हा नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली होती. चोखोबांची कोणती, हे ओळखायचे कसे? परंपरा सांगते की नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाला लावले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

१८/
येथेही चमत्कार क्षणभर बाजूला ठेवावा. मागे काय उरते? स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात एक प्रतिष्ठित शिंपी संत वेठबिगार महाराची हाडे हाताने उचलतो आणि कानाला लावतो. कधीकाळी त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी नव्हते. आज तो दुसऱ्याच्या हाडांचे ऐकतो आहे. मराठीत यासाठी ‘कळवळा’ हा शब्द आहे. दया वरून खाली येते. कळवळा आतून येतो, कारण ती कळ कधीतरी आपल्यालाही आलेली असते.

१९/
१३५० मध्ये नामदेवांनी देह ठेवला. पंढरपुरात महाद्वारी ‘नामदेव पायरी’ आहे. संतांचे आणि वारकऱ्यांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत म्हणून नामदेव सहकुटुंब पायरीखाली विसावले, अशी श्रद्धा आहे. समोरच चोखोबांची समाधी. आजही वारकरी आधी चोखोबांना आणि नामदेवांना नमस्कार करतो, मग विठ्ठलाकडे वळतो. गाभाऱ्याआधी उंबऱ्याला मान देणारी ही रीत आहे.

२०/
पण इतिहासाने येथे थांबून टाळ्या वाजवू नयेत. चोखोबा मेल्यावर दारापर्यंत आले. आत गेले नाहीत. त्यांच्या जातीची माणसे पुढची सहाशे वर्षे त्याच समाधीपाशी उभी राहून कळसाचे दर्शन घेत राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा संतपरंपरेवरचा आक्षेप नेमका हाच होता. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ला जोडलेल्या, गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी दाखवून दिले की संतांनी देवापुढे सगळे सारखे असे सांगितले, पण माणसामाणसांतील जातीची व्यवस्था मोडण्याचा लढा त्यांनी दिला नाही. आणि याच आंबेडकरांनी १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आक्षेप आणि आदर एकाच माणसात नांदू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

२१/
काळ बदलला तशी देवळाची मागची बाजू इतर वास्तूंनाही आली. एकोणिसाव्या शतकात शाळेला आली, कचेरीला आली, आणि पुण्याच्या क्रिकेट मैदानालाही आली. त्या मैदानावर जे घडले, ते औंढ्याच्या कथेशी इतके जुळते की ते येथे सांगणे भाग आहे.

२२/
बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. चांभार कुटुंब, मूळ कोकणातील, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात बाळू प्रथम पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम करू लागले, महिना ३ रुपयांवर. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. डावखुऱ्या बाळूंची फिरकी तेथेच तयार झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना कोणी दिली नाही. बॅट हे मालकाचे हत्यार होते.

२३/
पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि त्यासाठी बाळू हवे होते. वाद झाला, अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेलाच चेंडू हातात घेत. चहाची वेळ झाली की दृश्य बदले. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगत वेगळी. तोंड धुवायचे असले, तर अस्पृश्य नोकराने पाणी घालायचे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

२४/
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. बाळूंबरोबर खेळता येते, तर त्यांच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. येथे सहानुभूतीने तर्काची भाषा घेतलेली दिसते. केवळ वाईट वाटून घेण्यापेक्षा हे अधिक उपयोगाचे होते, कारण त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर आली.

२५/
पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. संघात बाळू होते आणि धाकटे बंधू शिवरामही. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. कपाची भिंत पडली होती. पदाची उभी होती.

२६/
१९२० मध्ये कर्णधारपदाचा प्रश्न पुन्हा आला आणि पालवणकर बंधूंना पुन्हा डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे सांगितले. नामदेव कांबळे उचलून मागे गेले होते. हे दोघे सामान उचलून बाहेर पडले आणि का बाहेर पडलो ते सर्वांना सांगून गेले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, जिमखान्यावर दबाव आला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघ जिंकला आणि चाहत्यांनी त्यांना खांद्यावर घेतले. या वेळी देऊळ आपोआप फिरले नव्हते. ते फिरवायला भाग पाडले होते.

२७/
या कथेलाही गोड शेवट नाही. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ च्या मुंबईतील निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. तरुण वयात आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटे. त्यांच्या गौरवात त्यांनी भाग घेतला होता. पण सवर्णांच्या बदलत्या मनावर विश्वास ठेवायचा, की आपले हक्क आपणच मिळवायचे, या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकच अपमान भोगलेली माणसे एकाच निष्कर्षाला येतील, असे नसते.

२८/
आणि पंढरपूरचे दार? त्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावी सभा घेतल्या, अनेक देवळे आणि विहिरी खुल्या करवल्या. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. उपोषणासाठी जागा मिळणेही कठीण झाले होते. ती दिली तनपुरे महाराजांच्या मठाने. दहा दिवसांनंतर बडवे राजी झाले आणि विठ्ठलमंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाले. चोखोबांची हाडे उंबऱ्यापाशी पुरली गेली, त्याला तेव्हा ६०९ वर्षे झाली होती.

२९/
नामदेवांचे नरसी आणि औंढा मात्र त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. हिंगोलीचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली आणि १९५५ मध्ये तिच्या आचरणाला शिक्षा ठरवणारा कायदा आला. कोणाला मागे बसवायचे हा प्रश्न पुजाऱ्यांच्या मर्जीचा राहिला नाही. त्याची दाद आता न्यायालयात मागता येऊ लागली. मेल्यावरच्या मुक्तीचा काय उपयोग, या मल्हार रागातील प्रश्नाला मिळालेले हे पहिले लेखी उत्तर म्हणता येईल.

३०/
या सातशे वर्षांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. आधी कोणीतरी मागे ढकलला जातो. मग तो आपला उद्वेग शब्दांत मांडतो. मग कोणीतरी ते ऐकतो आणि त्याच्या शेजारी उभा राहतो. येथवर कळवळ्याचे काम. पण दार उघडते ते त्यानंतर, जेव्हा नियम बदलतो. चोखोबांना नामदेव लाभले, पण नियम बदलला नाही. पालवणकर बंधूंना रानडे लाभले, तरी शेवटची पायरी त्यांना स्वतः माघार घेऊन चढावी लागली. कळवळ्याशिवाय नियम बदलण्याची सुरुवातच होत नाही, आणि नियम बदलला नाही तर कळवळा पायरीपाशी थांबतो.

३१/
नामदेवांचे उत्तरायुष्य पंजाबात गेले, असे परंपरा मानते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे स्थान. २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. नरसीत आणि घुमानमध्ये आजही एकाच माणसाचे उत्सव होतात. भाषा वेगळी, लिपी वेगळी. देवळामागे बसलेल्या माणसाची गोष्ट तीच.

३२/
औंढ्याला जाल तेव्हा मंदिर अवश्य पाहा. खालच्या भागातील दगडी शिल्पे पाहा, भूमीच्या पातळीखालचा गाभारा पाहा. आणि मग वळसा घालून मागच्या बाजूला जा, नंदीपाशी थोडा वेळ उभे राहा. एका शिंप्याने येथे कांबळे टाकले होते, असे लोक मानतात. तेथून देऊळ कसे दिसते, ते पाहण्यासारखे आहे.

(थ्रेड समाप्त)